कूलरच्या अडकलेल्या पट्ट्या

मंडळी, आज मन फार जड झालं, म्हणून लिहून राहिलो.

दुपारी कूलर उघडला. त्याच्या फिरत्या पट्ट्या तीन उन्हाळे माझ्याच खाटेकडे अडकलेल्या होत्या. घरची सगळी दुरुस्ती मीच करतो, पण यांना हात लावू लागलो की बायको म्हणायची, "राहू द्या हो, मले गार हवा सोसत नाही." मागच्या दिवाळीत ती गेली.

आज पट्ट्यांमागून तिच्या गोळ्यांच्या खोक्याचा घडी घातलेला पुठ्ठा निघाला. बिघाड नव्हताच.

सून हळूच म्हणाली, "आईंनीच लावला होता, बाबा. म्हणायच्या, हे उरल्याच्या लोखंड कारखान्यात भट्टीपुढे जन्मभर तापले, आता तरी यांना गार झोपू दे."

आता पट्ट्या फिरतात. हवा तिच्या रिकाम्या खाटेवर जाऊन परत येते.

बाजूलाच ती घामानं भिजत होती. मले कसं कळलं नाही हो?