बाबांच्या वेल्श पोनींचं घराणं

माझ्या अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, वडिलांनी तरुणपणी वेल्समधून सहा पोनी आणले होते. बुटके, करडे, मोठ्या डोळ्यांचे. निझव्याच्या वाटेवरच्या त्यांच्या शेतावर त्या घराण्याचं एके काळी फार नाव होतं. म्हातारे गेल्यावर काही पोनी विकले गेले, काही हयगयीने मेले. मुलाने घराणं पुन्हा उभं करायचं ठरवलं आणि जनावरांची डॉक्टर म्हणून मला नेमलं, तेव्हा एक वयस्क घोडा आणि तीन घोड्या उरल्या होत्या. तिघी त्याच्याच मुली.

पहिल्याच आठवड्यात मी अर्बाबना म्हटलं, की नर बाहेरचा हवा, वेल्समधून वीर्य मागवता येईल. त्यांना हिंदी चांगली यायची. काहव्याचा पेला माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "बाबांच्या रक्तात मला भेसळ नको."

"पण ती बाप-लेक आहेत."

"जनावरांत कसला बाप, डॉक्टर?"

मी काहवा संपवला. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. घोडी माजावर आल्याचं मीच तपासून सांगितलं, दिवसही मीच ठरवला. त्या दिवशी हात तीनदा धुतले, तरी अल् खुवैरला घरी येऊन जेवण गेलं नाही.

अकरा महिन्यांनी सकाळी तबेल्यावरच्या चाचांचा फोन आला. चाचा रत्नागिरीकडचे, त्या शेतावरच पिकलेले. "शिंगरू झालाय, बाय. पन दूद नाकातना येताय."

मी पोचले तेव्हा शिंगरू उभं होतं. आचळाला तोंड लावायचं, दोन घोट घ्यायचं आणि दोन्ही नाकपुड्यांतून दूध गळायचं. मी तोंडात बोट घातलं. टाळू मधोमध उघडा होता. ऊन चढत गेलं तसं छातीवर सांडलेलं दूध आंबलं, माश्या घोंगावू लागल्या. भुकेलं पोर पुन्हा पुन्हा आईकडे जात होतं. दुपारपर्यंत श्वास घरघरायला लागला. अर्बाबना फोनवर विचारून मी कायमचं झोपवणारं इंजेक्शन दिलं. चाचांनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं.

संध्याकाळी अर्बाब आले. नाकाला रुमाल, अंगाला उदाचा वास. आत न येता दारातूनच म्हणाले, "खलास, आता कारण लिहून टाका. चारा बुरसलेला होता, म्हणा."

चारा चाचा घालत. ते तिथेच, माझ्या शेजारी उभे होते.

"चारा चांगला होता," मी म्हटलं. "दोष रक्तातच आहे."

"बाबांच्या रक्तात दोष नाही."

ते गेल्यावर चाचा हळूच म्हणाले, "लिवा, बाय. माज्यासारक्या म्हाताऱ्या मानसाचा काय जाताय?" ते माझी समजूत घालत होते, याचीच मला जास्त शिसारी आली. आणि मी केलं काय? खोटं लिहिलं नाही, खरंही लिहिलं नाही. कारणाचा रकाना कोरा सोडला.

त्या कोऱ्या रकान्यात कुणीतरी चारा भरला. महिनाभरात चाचांना घरी पाठवलं. मी त्यानंतरही चार महिने तिथेच होते. हे सांगताना तोंड कडू होतं, पण आहे ते असं आहे. मग बौशरच्या एका दवाखान्यात जागा मिळाली. तिथे बहुतेक मांजरं येतात.

म्हातारा घोडा पुढे मेला. अर्बाबनी गाजावाजा न करता वेल्समधून वीर्य मागवलं, हे ते घोडीत सोडणाऱ्या नव्या डॉक्टरने मला सांगितलं. गेल्या हिवाळ्यात धडधाकट शिंगरू जन्मलं. सगळीकडे फोटो फिरला. शेजारी अर्बाब, खाली मजकूर : माझ्या वडिलांचं शुद्ध रक्त. लोक अभिनंदनावर अभिनंदन करत होते. माझ्या जुन्या ओळखीच्या दोन मराठी बायकांनीही बदाम टाकले होते.

फोटो रत्नागिरीलाही पोचला. चाचांनी फोन केला. "बगलास काय गो? बेस हाय ना शिंगरू?"

त्यांच्या आवाजात निव्वळ आनंद होता. मला त्यांचा राग आला. "हो, छान आहे," मी म्हटलं आणि त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली.