मामीच्या हृदयाचं माप

आमच्या हिच्या मामांना फसवील असा तराजू अजून कुठल्या कारखान्यात तयार व्हायचाय. मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सातारा-सांगली पट्ट्यातल्या झाडून सगळ्या दुकानदारांची झोप त्यांनी उडवली, आणि निवृत्त झाल्यावर दुकानदार हाताशी उरले नाहीत म्हणून नातेवाइकांची उडवायला घेतली. दूधवाल्याला ते फेस खाली बसेपर्यंत दारात उभा करत. "फेसाचं पैसं मी का द्यायचं रं?" असं विचारत, आणि तो बिचारा फेसाकडं बघत ताटकळत राही. आमच्या लग्नात हिच्या शालूची लांबी त्यांनी भर मांडवात मोजली. ताप आला की दोन काखांत दोन थर्मामीटर लावत आणि दोन्हींत फरक निघाला की ताप विसरून खूश होत. कवठे महांकाळचे पाहुणे एकदा प्रेमानं बेदाणे घेऊन आले. मामांनी ते त्यांच्या समोरच तोलले. पुडक्यावर लिहिल्यापेक्षा जास्त भरले, तर वरचे मूठभर पुडीत बांधून परत दिले. "जास्तीचं बी खोटंच," म्हणाले. ते पाहुणे पुन्हा काही आले नाहीत.

या माणसाबरोबर मामी हसत कशी नांदली, हे देवालाच ठाऊक. मामा धिप्पाड, दारातून वाकून येणारे; मामी मापाच्या पेटीतल्या सगळ्यात लहान वजनाएवढी. नव्वदचं दशक संपत आलं असताना तिला जिना चढताना धाप लागायला लागली. हृदय कमजोर झालंय की काय, अशी शंका सांगलीच्या डॉक्टरांनी काढली आणि पुण्याला जाऊन एक खास तपासणी करून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडं गेलो, तर मामांनी माझ्यादेखत दूध फेसासकट घेतलं आणि आत गेले. तेव्हा मला खरी भीती वाटली.

कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपची जीप काढून मी दोघांना पुण्याला नेलं. उंब्रजला चहाला थांबलो, पण कप अर्धाच भरलाय हेसुद्धा मामांच्या लक्षात आलं नाही. दवाखान्यात पोचल्यावर मात्र त्यांच्यात जीव आला. तिथं शिरेतून एक औषध टोचायचे आणि मग एक भलामोठा कॅमेरा छातीभोवती फिरवून, दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते मोजायचे. मोजायचं म्हटल्यावर संपलंच. तपासणीच्या बाईंनी मामीचं वजन विचारलं.

"कालच तोललीया. चपला काढून, पण बांगड्यांसकट. बांगड्या वजा करा," मामा म्हणाले.

"आवं, गप बसा की! माझं हृदय बघायला आणलंय का लिलाव करायला?" मामी म्हणाली.

मामा कॅमेऱ्याला प्रदक्षिणा घालत होते. "बाई, ह्याच्यावर खात्याचा शिक्का कुठाय?"

"बाबा, मशीन परदेशातून आलंय."

"मग? परदेशात दुकानदार नसत्यात व्हय?"

बाईंनी त्यांना बाहेर बसवलं. दुपारी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. "अठ्ठ्याहत्तर टक्के. हृदय उत्तम आहे. अंगात रक्त कमी आहे म्हणून धाप लागते. लोहाच्या गोळ्या देतो."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. मामांनी विचारलं, "आन उरलेलं बावीस टक्के?"

डॉक्टर भले होते. कुणाचंच हृदय सगळं रक्त बाहेर टाकत नाही, पन्नासच्या वर आकडा आला म्हणजे छानच, असं त्यांनी समजावलं. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. "खरं सांगायचं तर हा आकडा थोडा फुगलेलाच असणार," ते म्हणाले. "लहान चणीच्या बायकांचं हृदयही लहान. ते आवळलं की आतली जागा इतकीशी उरते, की कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. त्याला वाटतं, जवळजवळ सगळंच रक्त बाहेर गेलं. तुमच्यासारख्या माणसाचा आकडा कमी दिसला असता. माणूस बघून आकडा वाचायचा असतो."

मी डोळे मिटून घेतले. लाखो रुपयांचं मशीन, आणि ते जास्त तोलतंय हे मालक आपल्या तोंडानं कबूल करतोय! असा दुकानदार भेटावा म्हणून मामांनी उभी हयात घालवली होती. ते खुर्चीतून उठले. आता इथंच पंचनामा होणार, अशी माझी खात्री झाली. मामी शेजारी बसून पदर सारखा करत होती. मामांनी तिच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं.

"डॉक्टर, फुगलाय तर फुगू द्या," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तरच लिवा."

"आवं, खोटं माप चालंल व्हय तुमाला?"

"ह्ये चालंल," मामा म्हणाले, आणि तो सहा फुटी माणूस डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला. मामी त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली.

पुढं बरीच वर्षं मामी जिने चढली. मग एका पावसाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. मी भेटायला गेलो तेव्हा शेजारचे कुणी तरी हळहळत म्हणाले, "हृदयाचा त्रास होता म्हणं वहिनींना."

कोपऱ्यात बसलेल्या मामांनी मान वर केली. "कोण म्हणतंय? हृदय ठणठणीत हुतं तिचं. अठ्ठ्याहत्तर टक्के." आणि माझ्याकडं बघितलं.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो. "जास्तच असेल, कमी नाही."