अंधारात उभी केलेली गाडी

धनाजी आमच्या तमाशाच्या फडाचा ट्रक चालवायचा. तंबू, कनाती, राजाचं सिंहासन, कपड्यांच्या पेट्या आणि आम्ही सगळी माणसं, एवढा संसार त्याच्या भरवशावर गावोगाव फिरायचा. आटपाडीचा खेळ आटोपून पहाटे माणच्या एखाद्या गावात शिरावं, तर गावानं आधीच जागा झाडून ठेवलेली असायची. कुणी पाण्याची घागर आणायचं, कुणी घोंगडं. धनाजी ट्रकच्या टपावर आडवा व्हायचा आणि दुपारपर्यंत घोरायचा. आमच्या सोंगाड्यानं त्याच्यावर एक विनोदाची जागाच बसवली होती. राजा दचकून विचारी, "प्रधानजी, शत्रू आला काय?" प्रधान म्हणे, "न्हाई महाराज, धनाजी झोपलाय." तंबू हसून डोलायचा. मागं ट्रकजवळ धनाजीही हसायचा.

फड मोडला. मी कुपवाडला एमआयडीसीच्या मागं दोन खोल्या घेऊन राहिले. धनाजी थोडे दिवस गावी राहून पुन्हा स्टिअरिंगवर बसला, पण आता दुसऱ्याच्या मालाच्या गाडीवर. पुण्याहून लोखंड भरायचं आणि सातारा, कराड करत कुपवाडच्या कारखान्यात उतरवायचं. कुपवाडला आला की माझ्या ओसरीवर चहा ठरलेला.

"रंगूबाई, तुमच्या हातचा चहा प्यालो की वाटतं, आता बोर्डावर खेळाची घंटा हुनार."

"घंटा राहू दे. डोळे बघ आरशात. किती दिवस झोपला नाहीस?"

"झोपायला जागा नगो? कारखान्याचं फाटक सकाळी उघडतं. वॉचमन म्हणतोय, भाईर लावा. भाईर म्हंजे कुटं, ते कोन सांगत न्हाई. ढाब्यावर जेवान हुईस्तवर मी पाव्हना. पंपावर डिझेल भरंस्तवर. मग सगळेच म्हनत्यात, चला, काढा गाडी. हायवेला कडंला थांबलो की पोलिसाची शिट्टी वाजतीय. आवं बाई, ट्रकवाल्याला लोक पोरगी देत न्हाईत, जागा कशी देतील?"

तो हसला, मला हसू आलं नाही. वर्षापूर्वी कराडच्या अलीकडं तो केबिनमध्ये झोपला असताना चोरांनी टाकीत नळी घालून डिझेल काढून नेलं होतं. मालकानं तोंडावर सांगितलं होतं, "परत असं झालं तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं." उतारवयातल्या ड्रायव्हरला दुसरी गाडी कोण देणार? तेव्हापासून धनाजी एक डोळा उघडा ठेवून पडायचा.

मी म्हटलं, "माझ्या दारात लाव." त्यानं लावलीही. पण आमच्या गल्लीचा रस्ता स्कूटरींसाठी झालेला. लोखंडाच्या वजनानं खालची पाण्याची पाइप फुटली आणि ऐन उन्हाळ्यात घागरी घेऊन बायका माझ्या दारात आल्या. शेजारची प्राची माझ्या लेकीसारखी, पण तीही म्हणाली, "रंगूमावशी, त्यांना जागा नाही हे खरं. पण आम्हाला पाणी नाही, त्याचं काय?" तिचं काय चुकलं होतं? धनाजीनं गाडी मागं घेतली.

निघताना मी त्याला माझ्या पायातल्या चाळांपैकी एक दिला. फडातही तो टाकीच्या झाकणाला घुंगरं बांधायचा. कुणी हात लावला की वाजायची. चाळाचे त्यानं दोन पदर केले. एक टाकीच्या झाकणाला, दुसरा मागच्या ताडपत्रीच्या दोरीला.

"आता चोर आला की गवळण सुरू," तो म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या लायनीतली माणसं आणखी एक करायची आणि त्यानंही तेच केलं. मागचे दिवे लावून थांबलं की चोराला लांबून कळतं, इथं गाडी उभी आहे आणि आत माणूस झोपलंय. म्हणून दिवे मालवायचे आणि झाडाच्या सावलीला, काळोखात गाडी दडवायची. रंगमंचावर मीही हे कितीदा केलंय. दिवा गेला की प्रेक्षकाला वाटतं, तिथं कुणीच नाही.

एका रात्री कुपवाडच्या अलीकडं हायवेच्या वळणावर, कडुनिंबाखाली त्याची गाडी अशीच उभी होती. मागची चाकं थोडी डांबरावर होती, कारण कडेची माती ओली होती आणि लोखंड भरलेली गाडी रुतली असती. त्याचा डोळा लागला. आणि मागची घुंगरं वाजली.

धनाजी टॉमीची लोखंडी कांब घेऊन, शिव्या देत खाली उतरला. त्याला वाटलं, चोर ताडपत्री ओढतायत. मागं जाऊन बघतो तर मोटारसायकल ट्रकखाली घुसलेली आणि एक तरुण माणूस रस्त्यावर पडलेला. घुंगरं अजून हलत होती.

तो भरतेश. कुपवाडच्या वर्कशॉपात कामाला होता आणि दुसरी पाळी करून घरी निघाला होता.

अशा वेळी ड्रायव्हर पळून जातो, कारण जमाव आधी मारतो आणि मग विचारतो. धनाजी पळाला नाही. त्यानं भरतेशचं डोकं मांडीवर घेतलं, मग उठून येणाऱ्या गाड्यांना हात केले. पण रात्री, आडजागी, रक्तानं भरलेला माणूस हात करतोय म्हटल्यावर कोण थांबेल? त्यांनाही लुटारूंची भीती. गाड्या वेग वाढवून गेल्या. शेवटी दुधाचा एक टेम्पो थांबला, तेव्हा उशीर झाला होता.

जामिनावर सुटल्यावर धनाजी माझ्याकडं आला. मालकानं किल्ली काढून घेतलीच होती. तो म्हणाला, "बाई, मला त्येंच्या घरी जायाचंय. एकट्यानं जायाचं धाडस हुईना."

मी गेले. दारात भरतेशची आई चंदनबाला बसली होती. तिच्यापुढं त्याचा जेवणाचा डबा होता. ही जैन माणसं. भरतेश पाळीवर असला तरी दिवस मावळायच्या आत जेवायचा. त्या दिवशीही जेवला होता. रिकामा डबा पोलिसांनी घरी आणून दिला होता.

धनाजी तिच्या पायाशी बसला. घरातले पुरुष पुढं सरसावले, तिनं त्यांना हातानं थांबवलं. माझ्या आयुष्यात मी तंबूभर माणसांना एका वाक्यानं गप्प केलंय. ती बाई आवाजही न चढवता बोलली.

"दिवा का लावला नव्हता?"

धनाजीकडं सगळं होतं सांगायला: फाटक, ढाबा, शिट्टी, डिझेल, मालक. पण त्यानं जमिनीवर कपाळ टेकलं, आणि मी त्याला धरून उठवलं.

त्याचा ट्रक आता पोलीस ठाण्याच्या आवारात उभा आहे. रात्रभर वर मोठा दिवा असतो, शेजारी पहारा असतो. मागच्या दोरीला माझी घुंगरं अजून तशीच आहेत. मी मागायला गेले नाही.

धनाजी माझ्या ओसरीवर असतो. काल रात्री त्याला झोपलेला समजून मी बटणाकडं हात नेला.

"बाई," तो अंधाराला घाबरल्यासारखा उठून बसला, "मालवू नगा."

मी हात काढून घेतला. दिवा सकाळपर्यंत चालू होता आणि धनाजी त्याच्याखाली बसून होता.