इनास शिंप्याची एक ओळ

पेडण्याच्या बाजारापासून तीन मैलांवर खुरसावाडा आहे. तिथे क्रिस्तांवांची, म्हणजे ख्रिश्चनांची तीस-बत्तीस घरं, एक कपेल, म्हणजे छोटं चर्च, आणि एक शिंपी. शिंप्याचं नाव इनास. त्याच्या हाताला तोड नव्हती आणि त्याच्या शब्दाला बूड नव्हतं. "बुधवारी घेऊन जा" असं तो ज्या तोंडाने सांगायचा, त्या तोंडाला पक्कं ठाऊक असायचं की कापड अजून घडीतून बाहेर आलेलं नाही. नवऱ्याचा कोट लग्नाच्या दिवशी सकाळी मिळायचा आणि तान्ह्याचं झबलं तान्हं रांगायला लागल्यावर. गिऱ्हाईक चिडलं की इनास सुईत दोरा ओवत म्हणायचा, "बटनां तेवडी रवल्यांत." बटणं राहिलेली असायचीच, पण त्यांच्या आधी सगळा कोटही राहिलेला असायचा.

रविवारी मात्र हा माणूस वेळेवर. मिसेची, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेची पहिली घंटा व्हायच्या आत तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून कपेलाच्या पायरीवर हजर असे. पाद्री मोठ्या इगर्जेतून, म्हणजे मुख्य चर्चमधून सायकलवरून येत, त्यांची सायकल धरायला हाच पुढे. गाणाऱ्यांत सहा माणसं आणि एक व्हायोलिन. त्यात खर्ज एकट्या इनासचा. तो लागला की बाकांच्या फळ्या थरथरायच्या. पहिल्या बाकावर बसणारी कुस्तोदिन मावशी कानाने अधू होती, पण म्हणायची, "इनास गायता तें माका पांयांनी कळटा."

आणि एवढं असून इनासचा देवावर विश्वास नव्हता.

तो विश्वास काही पुस्तकं वाचून गेलेला नव्हता. तसा गेला असता तर निदान वाद घालायची मजा तरी आली असती. त्याची बायको पियेदाद तापाने आजारी पडली तेव्हा इनासने नऊ दिवस गुडघे टेकून प्रार्थना केली. दहाव्या दिवशी ती गेली. लोकांना वाटलं, आता हा देवावर रागावणार. पण रागवायला समोर कोणीतरी असावं लागतं. इनासने बघितलं, तर समोर कोणीच नव्हतं. ते रिकामपण त्याने घडी घालून ठेवून दिलं आणि कोणाला सांगितलं नाही.

मग कपेलात जायचा कशाला? तर मीस संपल्यावर पायरीवर जो तासभर उभ्याउभ्या बाजार भरायचा, त्याच्यासाठी. कोणाच्या पोराचं कुवेतहून पत्र आलं, कोणाची डुकरीण व्याली, कोणाच्या गुडघ्यात वारा भरला. कोणीतरी जेवायला बोलवायचं. कोणीतरी तुटलेलं बटण हातात ठेवायचं. मूलबाळ नसलेला एकटा माणूस सहा दिवस मशीनच्या आवाजाशी बोलत राहतो. सातव्या दिवशी त्याला माणसं लागतात, आणि ती लागतात हे कबूल करायला इनासला अजिबात लाज वाटत नव्हती.

लॅटिन होतं तोवर सगळं सुरळीत होतं. 'क्रेदो' म्हणजे विश्वासाची कबुली, ती इनास असा खर्ज लावून म्हणायचा की पाद्रींना धन्य वाटायचं. त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. न कळणाऱ्या भाषेत माणूस खोटं बोलूच शकत नाही, असा त्याचा हिशोब होता, आणि तो चुकीचा होता असं मला तरी म्हणवत नाही.

मग सासष्टीहून नवे पाद्री आले. तरुण, गोलमटोल, उत्साहाने फसफसणारे. गोवा वेगळा ठेवायचा की महाराष्ट्रात घालायचा, याचा मतकौल होऊन गेला होता. इनासने दोन पानांवर, म्हणजे वेगळ्या गोव्याला मत दिलं होतं, शेजारच्या चहावाल्या सगुणने फुलावर, म्हणजे विलीनीकरणाला, आणि दोघे पंधरा दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. त्याच सुमाराला पाद्रींनी जाहीर केलं की यापुढे सगळी मीस कोंकणीत होणार. लोक खूष झाले. पहिल्या रविवारी सगळे उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "सत मानतां हांव." मी खरं मानतो.

इनासने तोंड उघडलं आणि मिटलं. खर्ज आलाच नाही.

आता बघा गंमत. जो माणूस कोटाच्या बाबतीत दिवसाला दहा थापा मारायचा, त्याच्या गळ्यातून हे तीन शब्द निघेनात. बुधवारची थाप दोघांनाही ठाऊक असते, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. इथे आजूबाजूची माणसं खरोखर म्हणत होती. त्यांच्यात उभं राहून ते खोटं म्हणणं म्हणजे त्यांनाच फसवणं. आणि त्याला तर तीच माणसं हवी होती.

"इनासबाब, आवाज खंय गेलो?" पाद्रींनी पायरीवर विचारलं.

"गळो धरला, पाद्र," इनास म्हणाला. पायरीवर त्याला अडचण नव्हती.

झालं. सगळा वाडा त्याच्या गळ्यामागे लागला. कुस्तोदिन मावशी मिरी-आल्याचा कसाय घेऊन सकाळ-संध्याकाळ दारात. कोणी मध पाठवला, कोणी हळदीचं दूध. एका म्हाताऱ्याने काजूच्या फेणीने गुळण्या करायला सांगितलं आणि त्या गिळल्या तरी चालतात असंही सांगितलं. चार रविवार इनास खोकत राहिला. त्याला इतकी शरम कधी वाटली नव्हती, कारण इतकं प्रेमही कधी मिळालं नव्हतं.

कपेलाच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला पंधरा दिवस उरले तेव्हा पाद्रींनी नवीनच टूम काढली. फेस्ताच्या दिवशी 'सत मानतां हांव' ही सुरुवात इनासने एकट्याने गायची, मग बाकीच्यांनी उचलायची. असा खर्ज पंचक्रोशीत नाही, तोवर गळा बरा होईलच.

पुढच्या रविवारी इनास गेलाच नाही. दुकान उघडून बसला. घंटा ऐकली, दुसरी ऐकली. एका काजाला तीनदा टीप घातली आणि तीनदा उसवली. शेवटी सगुण चहा घेऊन आला.

"आज गेलो नाय तूं?"

इनासने त्याला सगळं सांगितलं. सांगायला सगुण बरा, कारण तो हिंदू, त्या मापाचा नव्हता.

"मगे जाल्यार कितें?" सगुण म्हणाला. "भजनात हांव झांज वाजयतां. देव कांय माका कानात येवन सांगना. पूण एक एकादस चुकली तर भजनातलो अनंत दुसऱ्या दिसा घरा येवन विचारता, जीव बरो मरे?"

"तुका कोण विचारना तूं मानता काय ना म्हूण. माका दर आयतारा विचारतात, आनी जबाब मोठ्यान दिवचो पडटा."

सगुणने चहाचा पेला त्याच्याकडे सरकवला. "च्या निवता," एवढंच तो म्हणाला.

इनासने ठरवलं की आता खरं सांगायचं. मग पाद्री 'येऊ नको' म्हणाले तर रविवार गेला. तो गेला तर आपल्याजवळ काय उरतं, हे त्या सकाळी त्याने बघून घेतलं होतं. एक मशीन आणि एक कात्री.

दोन दिवसांनी पाद्री नव्या लोबाच्या, म्हणजे त्यांच्या त्या घोळदार पांढऱ्या झग्याच्या मापाला आले. इनासने त्यांना स्टुलावर उभं केलं, दोन्ही हात आडवे पसरायला लावले आणि काखेपासून घोट्यापर्यंत टाचण्या लावल्या. पाद्री अगदी हलता येणार नाही असे झाल्यावर त्याने तोंडातल्या उरलेल्या टाचण्या काढल्या.

"पाद्र, हांव मानिना."

"कितें मानिना?"

"देवाक. हालूं नाकात, तोपतली."

पाद्री हलले नाहीत. हलण्यासारखी सोयच नव्हती. मान तेवढी वळवून म्हणाले, "मगीर येता कित्याक?"

"लोकांखातीर. आयतारा माका चार मनशांनी पळोवंक जाय. ना जाल्यार हांव आसां काय ना, तें माकाच कळना." मग त्याला एकदम भीती वाटली. "हें कोणाक सांगतले तुमी? हें कांय पापांचें कुमसार न्हय, गुपीत रावपाक."

"तुवें म्हज्या पोटाचें माप कोणाक सांगलां?"

"केन्नाच ना."

"मगीर हेंय तशेंच." पाद्रींनी पसरलेल्या हातांकडे एकदा हताशपणे पाहिलं. "बरें. कबुलेची एकेक ओळ पळोवया. सर्ग आनी धर्तरी केल्लो देव?"

"शिवणारो कोण तरी आसतलो. माका मेळूंक ना."

"मारियेच्या पोटाक जल्मलो?"

"आवय आसली, तें मानतां."

"पिलाताच्या हुकमान मारलो?"

"तें सगळ्यांत पयलीं मानतां. हांवें कचेऱ्यो पळयल्यात."

"मेलो, पुरलो?"

"मानतां."

"तिसऱ्या दिसा जिवो जालो?"

इनासने टाचणी चुकीच्या जागी लावली. पाद्रींनी ओठ चावला पण आवाज केला नाही.

"हांवें वाट पळयली, पाद्र," इनास हळू म्हणाला. "तिसऱ्या दिसा, तिसाव्या दिसा. सिमितेरींत, तिच्या थडग्याकडे बसून."

त्या तरुण माणसाचं भलं होवो, त्याने उपदेश केला नाही. टाचण्यांत उभा राहून तो सरळ पुढच्या ओळीवर गेला. "आनी भक्तांचो एकवट?"

"म्हणजे कोण?"

"गेल्लीं आनी जितीं, सगळीं एकठांय."

"पियेदाद?"

"पियेदाद."

"कुस्तोदिन?"

"कुस्तोदिनूय."

"सगुण?"

इथे पाद्री अडखळले. सेमिनारीत त्यांना बरंच शिकवलं होतं, पण इतका वेळ हात पसरून उभं राहायला शिकवलेलं नव्हतं. "सगुणूय," ते म्हणाले. "आतां टांचण्यो काड, बाबा."

"तें मानतां," इनास म्हणाला.

"मगीर ती ओळ तुजी. थंय दुसरे सगळे थांबतले. बाकीची तूं म्हणूं नाका."

फेस्ताच्या दिवशी कपेल भरलं होतं. सगुण दारात उभा राहून उकडलेले चणे खात होता. कबुली दुसऱ्याच कोणीतरी सुरू केली, इनास मिटल्या तोंडाने उभा राहिला. ती ओळ आली तसे सगळे थांबले आणि इनासचा खर्ज लागला. इतक्या रविवारांचा दाबून ठेवलेला. फळ्या थरथरल्या, मेणबत्त्या हलल्या, कुस्तोदिन मावशीने खाली पायांकडे पाहिलं आणि मग शेजारणीला सांगितलं की हा कसायाचा गुण.

पुढे तीच रीत पडली. वीस वर्षं इनास दर रविवारी एकच ओळ गायला. पाद्री बदलले. प्रत्येक नवा पाद्री विचारायचा, हे असं का? कुस्तोदिन मावशी सांगायची, "आमगेलें अशेंच." कोणाला खरं कळलं होतं की नाही, हे त्याने कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी काढलं नाही.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी इनास चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्या पावसाळ्यात त्याला छातीचं दुखणं झालं. त्यातून उठला, पण आवाज उठला नाही. पहिल्या रविवारी तो काठी टेकत आला, गाणाऱ्यांत न जाता कुस्तोदिन मावशीच्या शेजारी बसला. कबुली सुरू झाली. ती ओळ आली आणि सवयीने सगळे थांबले.

इनासने तोंड उघडलं. नुसता वारा निघाला. बाहेरचे कावळे तेवढे ऐकू आले. त्याला वाटलं, संपलं. आता इथे यायला आपल्याकडे कारण उरलं नाही.

तेवढ्यात कुस्तोदिन मावशीने, जी आयुष्यात कधी सुरात गायली नव्हती, त्याचा हात धरला आणि ती ओळ सुरू केली. मग मागचा बाक, त्याच्या मागचा, मग दारात उभे असलेले. सगळा खुरसावाडा ती ओळ म्हणाला, मोठ्याने, इनासकडे तोंड करून. ओळ संपली तरी पुढची कोणी सुरू करेना. सगळे त्याच्याकडे बघत थांबले होते. गिऱ्हाईकाला आरशापुढे उभं करून, कापड अंगाला नीट बसलंय असं बघून तो मान हलवायचा, तशी इनासने मान हलवली. मग ते पुढच्या ओळीवर गेले.