पानाखालचा आकडा

बाबा गेले आणि आई नागपूरला एकटी पडली, तेव्हा मी ग्लासगोत बसून तिच्यासाठी वेबसाइट केली. जाऊन महिनाभर राहायला रजा नव्हती ना, मग काय, वेबसाइट! वेबसाइट बनवायची पीएचपी ही भाषा नुकतीच शिकत होतो. आई भूगोल शिकवून निवृत्त झालेली. शाळेच्या, बदल्यांच्या, बाबांच्या आठवणी ती टाइप करून ईमेलने पाठवायची. मी फाइल सर्व्हरवर टाकायचो आणि माझी कोडची एक ओळ ती फाइल उघडून पानावर छापायची. एकच ओळ, पण माझी ऐट विचारू नका. त्या भाड्याच्या खोलीतला तो हीटर, तो गार झालेला चहा, आजही आठवला की जीव हळवा होतो.

त्या ओळीत एक घोडचूक होती. रीडफाइल हे फंक्शन मजकूर स्वतःच छापतं आणि किती बाइट छापले, म्हणजे मजकूर किती लांब आहे, तो आकडा परत देतं. मी अतिशहाणा, त्याच्याआधी छापायचा हुकूम, एको, लावून बसलो. त्यामुळे प्रत्येक लेखाच्या तळाशी तो आकडाही उमटायचा.

रविवारी आईचा फोन आला. "अरे, आठ हजार दोनशे चौदा लोकांनी वाचलं?"

किती महिन्यांनी तिचा आवाज असा फुलला होता! माझ्या तोंडून निघून गेलं, "हो ना!" चूक काढायला एक शब्द खोडायचा होता. नाही खोडला. तिचे लेख लांबत गेले, आकडे फुगत गेले, आणि आता जेवण जातंय असं ती स्वतःहून सांगायला लागली. मला हायसं वाटलं.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. या ख्रिसमसला जुना सर्व्हर बंद होणार असल्याचं कळलं. मुलगी केंब्रिजला सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती फाइली हलवायला बसली.

"बाबा, किती सिली बग आहे हा! काढू?"

"हात लावू नकोस!" मी खेकसलोच. मग सगळं सांगितलं.

 ती आजीची शेवटची फाइल उघडून अडखळत मोठ्याने वाचू लागली. अगदी खाली आईने लिहिलं होतं:

"आकडा माणसांचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. रोज बघायचे, तो हलायचाच नाही. पण तू हो म्हणालास, मग मीही गप्प बसले. माझा मुलगा तरी वाचतोय, मला तेवढं पुष्कळ आहे."

"बाबा, तुला हे माहीत होतं?"

कुठून माहीत असणार? फाइल आली की मी चढवायचो, पान उघडून तळाचा आकडा बघायचो, आणि बंद करायचो. आईचा एकही लेख मी वाचलेला नव्हता.