हाकेचा नियम

आर्डिस होल्टे आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवारी दुपारी आपल्या तळघरात राजे, राक्षस आणि भुतं चालवायची. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात हिवाळ्यात दुसरं करण्यासारखं होतं तरी काय? पुष्कळजण गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसायचे. ज्यांना तेवढंही गप्प बसणं जमत नसे, ते आर्डिसकडे यायचे. खेळ गोष्टीचा, टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाचं त्यात एक पात्र असायचं. ते फाशांच्या दानावर लढायचं, जगायचं, मरायचं. बाकी साऱ्या जगाची सूत्रधार एकटी आर्डिस.

पण तिच्या टेबलावर मरणाची काही किंमतच उरली नव्हती. तिचा धाकटा भाऊ कर्ट याचा चोर तर जेव्हा बघावं तेव्हा मरायचा. खेळातल्या पुजाऱ्याने मंत्र पुटपुटला की कपडे झटकत उठायचा.

"तू मेलास काय आणि शिंकलास काय, सारखंच!" आर्डिस एकदा भडकली आणि त्याच तिरीमिरीत तिने घरचा नियम करून टाकला. मंत्र बंद, फासे बंद. मेलेल्याला परत आणायचं असेल तर उरलेल्या प्रत्येकाने त्याला हाक मारायची आणि तो आपल्याला का हवा, ते सांगायचं. एकजण जरी गप्प राहिला तरी दार कायमचं बंद. सूत्रधाराने मध्ये तोंड घालायचं नाही, आणि ज्याचं पात्र मेलं त्यानेही नाही.

नियम झकास होता. फक्त आपण कुणासाठी नियम करतोय, हे बाई विसरली. तिकडे तोंडावर कौतुक करायचं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवण्यासारखं. जेवण अप्रतिम झालं तरी "फार वाईट नाही" म्हणायचं आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. एवढ्यात काय ते समजून घ्यायचं असतं.

आणि त्या नियमात सापडला व्हर्लिन.

चीजच्या कारखान्यात जन्म काढलेला हा माणूस. बायको वारल्यापासून शनिवारखेरीज त्याचं तोंड उघडायचं ते दुकानदाराशी. मग साठलेलं सगळं तो तळघरात ओतायचा. कोणता भाला किती लांब जातो, ओल्या दोरीवर चढता येतं की नाही, सगळं त्याला पाठ. कुणी जरा चुकलं की ह्याचं बोट वर. "असं नसतं ते!" अख्खं टेबल वैतागायचं. त्याचं पात्र होतं ग्रुंडर नावाचा बुटका योद्धा, तोही तसाच हटवादी. पण पळायची वेळ आली की सगळ्यांच्या मागे तोच उभा राहायचा, हे मात्र कुणी कधी बोलून दाखवलं नाही.

एका शनिवारी खेळातल्या पुलावर ग्रुंडर तसाच उभा राहिला आणि मेला. बाकीचे वाचले.

"चला, मारा हाका," आर्डिस म्हणाली.

कर्टने ग्लासातल्या बर्फाकडे बघितलं. तासाभरापूर्वीच व्हर्लिनने त्याला चारचौघांत अडाण्यात काढलं होतं, त्याची धुसफूस अजून गेली नव्हती. ग्रंथालयात काम करणारी जोडी नावाची बाई कर्टकडे बघत राहिली. तो बोलला की आपण बोलू, असा तिचा विचार. अळीमिळी गुपचिळी. बोला रे, कुणीतरी बोला, आर्डिस मनात म्हणत होती. सांगण्यासारखं तिच्याकडे ढीगभर होतं. पण नियम तिचा, आणि स्वतःचा नियम मोडायला तिचा मानीपणा तयार होईना.

शेवटी व्हर्लिनच हसला. "बरं, ठीक आहे मग," म्हणाला, आणि नवं पात्र करायला कोरा कागद मागितला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. व्हर्लिनची खोड बुटक्याच्या मरणाने गेली. त्याचं नवं पात्र होतं एक भिक्षू, मऊ, हो-ला-हो करणारा. "तुम्ही ठरवाल तसं," एवढंच तो बोलायचा. व्हर्लिनही तेवढंच बोलायचा. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून कर्ट पहिल्यांदा खूश झाला. मग त्यालाही ती शांतता टोचायला लागली. आर्डिसला तर बस चालवतानासुद्धा दुसरं काही सुचेना. हा माणूस आपल्या तळघरात, आपल्या डोळ्यांदेखत विझला. आता कुठल्यातरी शनिवारी तो यायचाच बंद होईल, आणि मग त्याच्या घरी बोलायला भिंती तेवढ्या उरतील.

एकदा तो निघताना तिने त्याला जिन्यात गाठलं. "व्हर्लिन, ग्रुंडरला आणूया परत. बदलते मी तो मेला नियम."

"नको गं," तो कोटाची बटणं लावत म्हणाला. "नियम चांगला आहे. निदान कळतं तरी."

ती रात्रभर तळमळली. पुढच्या खेपेला मात्र तिने मुद्दामच घोळ घातला. कर्टच्या चोराच्या हातात ढाल होती, तरी तिने त्याला धनुष्य ओढू दिलं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल, धनुष्याला दोन हात लागतात. कर्ट चपापला. त्यालाही कळलं होतं. त्याने, जोडीने, आर्डिसने, तिघांनीही व्हर्लिनकडे बघितलं.

व्हर्लिनचं बोट टेबलावरून जरासं उचललं गेलं आणि परत खाली टेकलं.

"अरे मेल्या, चुकतेय मी!" आर्डिस ओरडली. तोंडातून शब्द निसटला आणि तिने जीभ चावली. डोळे भरून आले. "टोक ना मला! आम्हाला हवंय रे ते!"

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," कर्ट खाली मान घालून म्हणाला. "पुलावर ग्रुंडर उभा राहिला म्हणून आम्ही वाचलो."

व्हर्लिनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि आर्डिसला त्याचीच भीती वाटली.

"फार वाईट नव्हता तो," व्हर्लिन म्हणाला, आणि फासे उचलून त्याने हळूच कर्टच्या पुढ्यात ठेवले. "टाक बाबा. सोड तुझा बाण. माझं काही म्हणणं नाही."