पोती टाकणारं विमान

पासष्टच्या लढाईनंतर डहाणूच्या वाचनालयातली मागची खोली तालुक्यातल्या फौजींच्या स्मरणासाठी राखून ठेवली. भिंतीवर फोटो आणि मधल्या काचेच्या कपाटात लाकडी विमानं. विमानं मी करायची होती. मी मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवत होते, माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणत. मलाही तसंच वाटे.

पांगाऱ्याचं हलकं लाकूड, काचकागद, चंदेरी रंग. खऱ्या विमानाच्या एका फुटाला पाव इंच, हे माप. मासिकातल्या चित्रांवरून मी लढाऊ विमानं करायला घेतली, वीतभर लांब, निमुळती.

काम चालू असताना वरोरची एक मासे विकणारी बाई शाळेत आली. पाटी पायरीवर ठेवून बाहेरच उभी राहिली. तिचा नवरा हवाई दलात होता. चीनच्या लढाईत त्याचं विमान डोंगरांत गेलं, ते परत आलं नाही.

"बाई, ह्यांचं विमान मोठं होतं," ती म्हणाली. "दोन पंख्यांचं. हे दारात उभे राहायचे आणि खाली आपल्या माणसांसाठी तांदळाची पोती ढकलायचे. सुट्टीला आले की सांगायचे."

ते डाकोटा असणार, हे मला कळलं. "करते," मी म्हटलं.

केलं नाही. आमच्या मापानं ते दोन फूट रुंद होईल, कपाटात मावणार नाही, असं मी वाचनालयाच्या समितीला सांगितलं. मधली उभी फळी काढली असती तर मावलं असतं. पण मला ते पोट सुटलेलं विमान करायचंच नव्हतं. पाहुणे लढाऊ विमानांपुढेच थांबणार, हे मला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याच्या नावाची पट्टी मी तिसऱ्या लढाऊ विमानाखाली चिकटवली. कोणाला कळणार आहे?

उद्घाटनाला ती सासूला घेऊन आली. पाहुणे माझं कौतुक करत होते. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं मलाच विचारलं, "बाई, ह्यांचं कुठलं?"

मी बोट दाखवलं. ती काचेला नाक लागेपर्यंत वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्यात तर एकच माणूस मावंल. मग हे उभे कुठं राहायचे?"

पाहुण्यांतलं कोणीतरी हसलं. "अहो, हे नुसतं नमुन्यादाखल आहे," मी म्हणाले.

"बरं बाई," ती म्हणाली. मग सासूकडे वळून हळूच म्हणाली, "मोठ्याला लाकूड पुरलं नसेल."

माझ्या वतीनं सबबही तिनंच शोधली. मी मान डोलावली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डाकोटा केलं, दारासकट, आणि वरोरला घेऊन गेले. ती बोंबील वाळत घालत होती. हात धुऊन, पदराला पुसून तिनं ते घेतलं, सासूला दाखवलं, आणि परत माझ्या हातात दिलं.

"छान झालंय. पण घरात ठेवून काय करू? आम्हाला ठाऊकच आहे. लोकांना दिसायला पाहिजे होतं." तिनं मला चहा करून दिला.

ते वाचनालयात ठेवायचं तर आधी काय केलं होतं ते समितीपुढे बोलावं लागलं असतं. मी बोलले नाही. दोन वर्षं ती पट्टी तिथंच राहिली. मग खोली वर्तमानपत्रांना लागली आणि कपाट निघालं.

पुढे डहाणू रोडच्या बाजारात ती मला कितीदा तरी भेटली. दर वेळी तिनं आपणहून "बाई!" अशी हाक मारली, आणि मी घाईत असल्यासारखं दाखवून पुढे गेले.